ही ती नाही

आमच्या मॅडम कोणाच्याही घरी गेल्या की आधी शोकेसमधला गणपती उचलून उलटा करून बघायच्या. पाणी नंतर, चहा नंतर, "कसे आहात" तर त्याहून नंतर. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा आई पोह्यांची बशी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थबकली. तिच्या लग्नात माहेराहून आलेली पितळी अन्नपूर्णा मॅडमच्या हातात होती, डोकं खाली, पाय वर. मॅडम चष्मा कपाळावर चढवून तिच्या बुडाकडे निरखून बघत होत्या.

"मुरादाबादची आहे, कारखान्यातली," त्या म्हणाल्या. "पण छान ठेवलीय हो तुम्ही. रोज पूजा होते, दिसतंय."

मग त्यांनी अन्नपूर्णा पदराने पुसली, देव्हाऱ्यात जागच्या जागी ठेवली, नमस्कार केला आणि पोह्यांवर तर्री मागितली. आईला रागवावं की खूश व्हावं ते कळेना. त्या गेल्यावर ती मला म्हणाली, "ह्या बाई तुले नेमकं शिकवून काय राहिल्या वं? देवाले उलटं करनं?"

मी कला-गुन्हे शिकत होते. सीताबर्डीच्या ऐन गर्दीत, खाली कपड्यांची दुकानं आणि वर कॉलेज, अशा एका इमारतीत हा अभ्यासक्रम सुरू झाला होता. पदव्युत्तर पदविका, शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी वर्ग. मूर्तीचोरी, नकली चित्रं, तस्करी, त्यावरचे कायदे. नातेवाईक विचारायचे, "म्हणजे चोरी कशी करायची ते शिकवतात का?" मी वकिलीची परीक्षा पास होऊन एका मोठ्या वकिलांकडे फायली उचलत होते. लहानपणी चित्रकलेची आवड होती, ती घरच्यांनी कायद्याच्या पुस्तकांखाली दाबून टाकली होती. ह्या अभ्यासक्रमाची पाटी वाचली तेव्हा वाटलं, दोन्ही गोष्टी एकत्र येतील अशी ही जगातली एकच जागा असावी.

वर्गात बोटांवर मोजण्याइतकी माणसं. त्यातला एक पोलीस खात्यातला फौजदार होता. त्याला वरून सांगून पाठवलं होतं आणि तो ते लपवत नसे. सुरुवातीचे काही तास तो मागच्या बाकावर बसून मान खाली घालून मोबाइल बघायचा. नंतर पुढे येऊन बसायला लागला. मॅडमच्या वर्गात हे सगळ्यांचंच व्हायचं.

त्यांचा तास एका प्रश्नाने सुरू व्हायचा. "काय नेलं?"

आम्ही यायच्या आधी त्या वर्गातली एखादी वस्तू काढून ठेवायच्या, नाहीतर बदलायच्या. डस्टर, पडदा, भिंतीवरचं कॅलेंडर. कोणी ओळखलं की शिकवणं सुरू. नाही ओळखलं तर खुर्चीत बसून शांतपणे फुटाणे खात राहायच्या आणि वेळ संपली की उठून जायच्या. एका रविवारी अख्खा तास असा गेला. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. तसंच गोल, तसंच पांढरं, पण दुसरंच घड्याळ होतं.

"इतका वेळ सगळे ह्याच्याकडेच बघत होता," त्या म्हणाल्या, "कधी सुटतो म्हणून. बघत होता आणि दिसलं नाही."

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. स्वतःचंच काहीतरी दुखल्यासारखं म्हणाल्या. का, ते मला पुढे कळलं.

मूर्ती चोरीला गेली, असं कोणी म्हटलेलं त्यांना चालत नसे. "गेली? ती कशी जाईल? नेली म्हण. नेली म्हटलं की कोणी नेली हा प्रश्न आपोआप येतो. गेली म्हटलं की तुम्ही हात जोडून मोकळे." फौजदाराच्या फिर्यादींमधल्या भाषेवर त्यांनी ह्या एका शब्दासाठी इतका हल्ला चढवला होता, की त्याच्या ठाण्यात म्हणे नंतर मोटरसायकलीसुद्धा 'नेल्या' जायला लागल्या. चोरांचं कौतुक त्यांना अजिबात खपायचं नाही. एकदा मी एका परदेशी चोराबद्दल जरा रंगवून सांगायला लागले. त्याने काय युक्ती केली, कसा निसटला. मॅडमनी हात वर केला. "चोर हुशार नसतो गं. आपण ढिले असतो." वर्गात त्या शुद्ध बोलायच्या, पण रागावल्या किंवा माया आली की थेट नागपुरी. त्यामुळे "काहून वं, जेवली नाही काय?" असं त्यांच्या तोंडून आलं की दोन्हीपैकी काय आहे ते चेहऱ्यावरून ओळखावं लागायचं.

सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, खांद्याला पिशवी. पिशवीत टॉर्च, भिंग, मोजपट्टी आणि फुटाणे. उन्हाळ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा घट्ट गुंडाळून त्या स्कूटीवर गावोगाव फिरायच्या आणि देवांचे फोटो काढायच्या. मोठ्या देवळांतले नाही. पिंपळाखालचे, शेताच्या बांधावरचे, पाण्याच्या टाकीमागचे. गावातली पोरंटोरं फोटोत यायला देवाच्या आजूबाजूला गर्दी करायची. "सरका गा बाजूला, देव दिसू द्या," म्हणून त्या त्यांना हाकलायच्या. मी विचारलं होतं, एवढ्या फोटोंचं काय करणार?

"काही नाही. नेल्यावर उपयोगी पडतील," त्या म्हणाल्या. "आपली होती हे दाखवायला काहीतरी लागतं. नुसतं रडून दाखवलं तर कोर्ट ऐकत नाही, तू तर वकील आहेस."

त्यांचं घर त्रिमूर्तीनगरात होतं. एकट्याच राहायच्या. आयुष्यभर कलेत काम केलेल्या बाईचं घर म्हणून मी उत्सुकतेने गेले आणि बघतच राहिले. भिंतीवर एक चित्र नाही, कोपऱ्यात एक मूर्ती नाही, साधी फुलदाणी नाही. कूलर, पलंग, कॉम्प्युटर, पुस्तकं.

"घरात लावलं की सवय होते," त्या म्हणाल्या. "सवय झाली की दिसेनासं होतं."

त्या दुपारी कूलरच्या घरघरीत आवाज चढवून त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. पूर्वी त्या दुसऱ्या एका शहरात संग्रहालयात नोकरीला होत्या. तिथे एक लहानशी कांस्यमूर्ती होती, हसणारी. ती त्यांच्या विशेष आवडीची. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या तिच्यासमोर उभं करायच्या आणि त्या हसण्याबद्दल बोलायच्या. एकदा बाहेरून आलेल्या एका अभ्यासकाने मूर्तीचं वजन विचारलं. जुनं वजन नोंदलेलं होतं, पण मॅडमनी उत्साहाने मूर्ती पुन्हा काट्यावर ठेवली. वजन जुळेना. मूर्ती केव्हातरी बदलली गेली होती. कधी, कोणी, काहीच सांगता येईना.

"मी त्या खोट्या हसण्यावर व्याख्यानं दिली," त्या म्हणाल्या. "हातवारे करून. लोक टाळ्या वाजवायचे."

"पण तुमचा काय दोष?"

"सगळे हेच म्हणाले. कोणी एक शब्द बोललं नाही मला. बोलले असते तर बरं झालं असतं." मग कूलरमध्ये पाणी घालायला उठल्या आणि तिकडूनच म्हणाल्या, "खरी कुठेतरी असेल ना गं. कोणाच्या तरी बैठकीत. आणि मी इकडे तिच्या तोतयाला पुसत बसले होते."

त्यांनी नोकरी सोडली आणि नागपूरला परत आल्या. हा अभ्यासक्रम त्यांनीच आखला, कॉलेजच्या लोकांच्या मागे लागून लागून सुरू करून घेतला.

आमचं वर्ष निम्मं सरलं असेल, तेव्हा फौजदार एका शनिवारी उशिरा आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, आमच्या हद्दीत एक मूर्ती नेली."

गाव खाप्याच्या पुढे, कन्हान नदीच्या काठावर. देवी काळ्या दगडाची, गुडघ्याएवढी, बसलेली. नाव असं काही नाही, सगळं गाव तिला नुसतं माय म्हणायचं. मॅडमकडे तिचा फोटो नव्हता. त्या गावापर्यंत त्यांची स्कूटी पोचली नव्हती, आणि ही गोष्ट त्यांना फार लागली. दुसऱ्याच दिवशी आमचा वर्ग त्या गावात भरला.

देवळात ओटा तेवढा उरला होता. ओट्यापाशी सकूबाई बसली होती. मायला आंघोळ घालायचं आणि लुगडं नेसवायचं काम तिच्या घराकडे होतं. सासूनंतर ते तिच्याकडे आलेलं. बारीक, वाळलेली बाई, आवाज मात्र खणखणीत. "फोटो?" ती म्हणाली. "मायचा फोटो कायले काढन कोनी? माय त इथंच होती."

मॅडमनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, "लग्नं झाली की नवरानवरी कुठं येतात पाया पडायला?"

"इथंच."

मग आम्ही घरोघर लग्नाचे अल्बम बघत फिरलो. इतका चहा मी आयुष्यात प्यायले नसेन. प्रत्येक घरात सतरंजी अंथरली जायची, अल्बम यायचा, घरची बाई शेजारी बसून एकेक माणूस ओळखून दाखवायची. मॅडम नवरानवरीच्या मागे काय आहे तेच भिंगातून बघायच्या. "बाई, नवरी इकडं हाये," एकीने त्यांचं बोट धरून नवरीवर ठेवलं होतं. बहुतेक फोटोंत माय लुगड्यात गुंडाळलेली, नुसता चेहरा आणि डोळे. शेवटी एका घरात हवा तसा फोटो मिळाला. हळदीच्या दिवशी तिच्यावर पाणी घालतानाचा. अंगावर वस्त्र नाही, दगड ओला, चकचकीत. उजव्या कानातल्या दागिन्याचा खालचा तुकडा उडालेला. दोन्ही गुडघे लोकांच्या हातांनी झिजून आरशासारखे झालेले.

मॅडम त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. सकूबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "हेच," ती म्हणाली. "हेच माही माय." आणि तिने फोटोवर बोटं टेकवून ती डोळ्यांना लावली. त्या दिवशी निघताना तिने मॅडमचा हात हातात धरून ठेवला होता. "आनून द्या जी तिले. मले दुसरं काम येत नाही."

मॅडमनी कबूल काही केलं नाही. पण गाडीत त्या मला म्हणाल्या, "हात बघितलास तिचा? पाण्यात राहून राहून पांढरा पडलाय."

परीक्षा होऊन गेली, आम्ही पास झालो, आणि उन्हाळ्यात एक दिवस फौजदाराचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं त्याचं प्रमोशन झालं. "सापडली! मध्य प्रदेशात टोळी धरली. मूर्ती ठाण्यात आली. मॅडमले घेऊन या, ओळख पटवायची हाये."

ठाण्यासमोर जत्रा लोटली होती. गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आलं होतं. डफडी, गुलाल, नारळ. मे महिन्याचं ऊन डोक्यावर आणि कोणाला त्याची पर्वा नाही. बायका ट्रॉलीतच गाणी म्हणत होत्या. आत टेबलावर, पांढऱ्या कापडावर देवी. सकूबाईने कोणाला न जुमानता आत घुसून तिला हळदकुंकू वाहिलं होतं आणि आता ती भिंतीशी बसून तिच्याकडे बघत होती.

"कान पाहा मॅडम," फौजदार म्हणाला. "तोच कान! तुटलेला! फोटोले फोटो जुळते."

मॅडमनी कान पाहिला. चेहरा पाहिला. गुडघ्यांवर हात फिरवला. मग त्यांनी खालच्या कापडासकट तिला फिरवून पाठमोरी केली आणि हाताचा तळवा तिच्या पाठीवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. पुन्हा फिरवला. मी समोर उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. मला त्या क्षणीच कळलं आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"सकूबाई," त्यांनी हळू विचारलं, "माय कशाला टेकून बसायची?"

"भिंतीले."

"मग तिच्या पाठीला कोणाचा हात लागायचा?"

मॅडम फौजदाराकडे वळल्या. "हात लाव. गुडघे जितके गुळगुळीत, तितकीच पाठ. हातांनी झिजलेला दगड असा नसतो. जिथे हात पोचतो तिथेच झिजतो. ही घासून जुनी केलीय." मग त्यांनी देवीचा चेहरा पुन्हा समोर केला. "ही ती नाही."

ठाण्याचे मोठे साहेब उठून उभे राहिले. त्यांनी बातमीदारांना बोलावून ठेवलं होतं. फौजदार मॅडमना कोपऱ्यात घेऊन गेला, पण खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू आलं. "मॅडम, बाहेर पाहा. लोकं नाचून राहिले. हो म्हना ना. कोनाचं काय जाते? गाव खुश, आम्ही खुश. हे बी देवीच हाये ना?"

"आहे," मॅडम म्हणाल्या. "पण ही ती नाही."

बातमी बाहेर कशी गेली कोण जाणे. डफडी एकदम थांबली. आम्ही बाहेर आलो तेव्हा लोक वाटेतून बाजूला झाले. बोलली ती सकूबाई. पायरीवर उभी राहून, त्या खणखणीत आवाजात. "एवढी शिकली, अन् एक हो म्हनता नाही आलं तुले? तुले ना पोर ना बाळ. तुले माय काय समजन वं!"

मॅडम थांबल्या. वळल्या नाहीत. मग चालत जाऊन गाडीत बसल्या.

परतताना त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. तळहात मांडीवर उताणे ठेवले होते आणि बोटांना देवीचं कुंकू लागलेलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही. सावनेरला मी चहासाठी गाडी थांबवली. चहा निवत गेला.

"ती असती तर किती बरं झालं असतं गं," त्या म्हणाल्या. "मलासुद्धा हवी होती."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी मान हलवली.

"ते लोक असंच करतात. खरी समोर ठेवून तिची नक्कल घडवतात, खरी परदेशात पाठवतात आणि खोटी मागे सापडू देतात. खोटी सापडली की सगळे आनंदाने घरी जातात, फाईल बंद. मी हो म्हटलं असतं तर आज तिला शोधणं थांबलं असतं. ती जिथे असेल तिथे कायमची राहिली असती. तिला कोणी शोधतच नाही, असं झालं असतं." मग चहाच्या दुकानदाराकडे बघत, जणू त्यालाच सांगत असल्यासारखं म्हणाल्या, "एकदा माझ्याकडून तसं झालंय."

अभ्यासक्रम नंतर फार टिकला नाही. नोकरी कुठे मिळते, ह्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हतं. वर्ग बंद झाले, पण मी रविवारी त्रिमूर्तीनगरात जातच राहिले. जगभरच्या लिलावांची चित्रं कॉम्प्युटरवर बघत बसायचं, हे आमचं काम. मॅडम काळ्या दगडाची कुठलीही बसलेली देवी दिसली की चित्र मोठं करायच्या, मी हळदीचा फोटो बाजूला धरायची. एकदा त्यांनी मला सकाळीच फोन केला. "ये. आत्ता ये. जेवत बसू नको." मी सिग्नल तोडत पोचले. पडद्यावरची देवी खरंच तिच्यासारखी होती. गुडघे तसेच, बसणं तसंच. आम्ही तो कान किती वेळा पाहिला असेल. कान अखंड होता. दगडाचा उडालेला तुकडा परत येत नाही.

"ही ती नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. मग डोळे पुसून त्यांनी आमच्यासाठी वांग्याची भाजी टाकली.

दर चैत्रात मायच्या उत्सवाला त्या गावात जायच्या. गाडी मी चालवायची. देवळापासून जरा दूर, चिंचेखाली त्या उभ्या राहायच्या. कोणी या म्हणत नसे, कोणी हाकलतही नसे. सकूबाई अंगण झाडताना आमच्याकडे पाठ करायची आणि झाडणं लांबवायची. मी एकदा वैतागून म्हटलं, कशाला येतो आपण इथे?

"रागावलीय ती अजून," मॅडम जवळजवळ समाधानाने म्हणाल्या. "म्हणजे विसरली नाही."

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मॅडम गेल्या. थोडे दिवस दवाखान्यात होत्या. शेवटच्या भेटीत त्यांनी नर्सबाईंच्या टेबलावरचा लहानसा बाळकृष्ण मागवून घेतला आणि उलटा करून पाहिला. मी हसले, त्याही हसल्या. पुण्याहून त्यांचा भाचा आला. त्याने घर रिकामं करून दिलं. त्या घरात आधीच काही नव्हतं, तरी रिकामं झाल्यावर ते फार वेगळं दिसलं. रविवारी सकाळी माझे हात अजून आपोआप गाडीच्या किल्लीकडे जातात. एखादी गोष्ट बघून झाली की ती कोणाला तरी दाखवायची असते. आता कोणाला दाखवायची, ते सुचत नाही. लिलावांची चित्रं मी माझ्याच घरी बघते. काळ्या दगडाची देवी दिसली की मोठी करते.

ह्या चैत्रात मी एकटीच गेले. चिंचेखाली उभी राहिले. सकूबाई आता पार वाकली आहे. तिने नेहमीसारखी पाठ केली, थोडं झाडलं, मग झाडू टेकवत माझ्याकडे आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"त्या बाई नाही आल्या?"

"मॅडम गेल्या, आजी. दिवाळीच्या आधी."

झाडू हातातून सुटून पडला तो तिने उचलला नाही. "मले कोनी सांगतलं नाही," ती म्हणाली. जणू तिला सांगायलाच हवं होतं. मग माझं मनगट धरून तिने मला देवळाकडे चालवलं. वाटेत थांबून दम घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "थे ठान्यातली. मले बी समजलं होतं."

"काय?"

"हात लावल्याबरोबर समजलं होतं. परकी होती थे. एवढी वर्सं आंघोळ घातली, मले नाही समजन?"

"मग तुम्ही तेव्हा..."

"कोनाले तरी घरी न्याचं होतं वं. सारं गाव आलं होतं. रिकाम्या हातानं कशी येऊ?" ती पुढे चालू लागली. "त्या बाईचा मले राग नोता. मले जे बोलाले पाह्यजे होतं, थे तिनं बोललं. म्हून राग आला."

देवळात आता एक देवी आहे. संगमरवराची, पांढरीशुभ्र, लाल काठाचं लुगडं नेसलेली. गावाने वर्गणी काढून आणली. पण ती मधल्या ओट्यावर नाही, डाव्या बाजूला नवा कट्टा बांधून बसवली आहे. मधला ओटा मोकळा. धुतलेला, पुसलेला, वर ताजं फूल.

"पोरं म्हने, मधात बसवू," सकूबाई म्हणाली. "मी म्हनलं, नाही. मधातली जागा तिची हाये." तिने ओट्याच्या कडेवर हात ठेवला. "त्या बाईनं नाही म्हनलं, म्हून हे जागा राह्यली. थे खोटी इथं बसवली असती, अन् उद्या माय आली असती, त बसली असती कुठं?"

सकूबाईने ओट्यावरचं फूल सारखं केलं आणि परत झाडायला गेली.

गाडीत बसल्यावर मी लगेच चावी फिरवली नाही. शेजारची सीट रिकामी होती. त्या सीटकडे तोंड करून मी सकूबाईचं बोलणं पहिल्यापासून सांगितलं, तिच्याच शब्दांत, हेल काढून, एकही शब्द न गाळता. मॅडम असत्या तर पिशवी मांडीवर घट्ट धरून, मान जरा तिरपी करून ऐकत बसल्या असत्या आणि संपल्यावर म्हणाल्या असत्या, "काय म्हणाली? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.